मळलेली वाट आणि फावड्याची वाट
‘माइनक्राफ्ट’ खेळातील पायवाटेच्या ठोकळ्याचे परीक्षण

मराठीत पायवाट ‘पडते’ किंवा ‘मळते’. रस्ता बांधतात, पूल उभारतात, पण पायवाट कुणी बांधली असे आपण म्हणत नाही. अनेक पायांनी अनेक दिवस नकळत केलेले ते काम असते. लोकांनी तिच्यावरून जाणे सोडले की दोन पावसाळ्यांत ती बुजते.

‘माइनक्राफ्ट’ या संगणकावरील खेळात पायवाट वेगळ्या पद्धतीने तयार होते. हातात फावडे घ्यायचे, गवताच्या ठोकळ्यावर एकदा मारायचे, की तेथे वाट तयार! तिच्यावरून कुणी चालो वा न चालो, ती तशीच राहते. या एका ठोकळ्याकडे विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते, ते या लेखात पाहूया.

वर्गातील मुलांना हा खेळ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. आपल्यासाठी थोडक्यात माहिती अशी. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी २००९ साली या खेळाची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि २०११ साली पूर्ण खेळ प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी विकत घेतली आणि २०१६ मध्ये शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली. खेळातील सारे जग एक मीटर बाजूच्या घनाकृती ठोकळ्यांचे असते. माती, वाळू, दगड, लाकूड असे ठोकळे फोडायचे, गोळा करायचे आणि त्यांतून हवे ते रचायचे. यात पायवाटेचा ठोकळा आला तो २०१६ साली. आधी तो फक्त गवताच्या ठोकळ्यापासून बनत असे. २०२१ पासून साध्या मातीपासूनही बनतो आणि त्याचे नावही ‘मातीची वाट’ असे झाले.

वाटेचा प्रकार एकच, याचे खेळणाऱ्यांना वाईट वाटते. वाळवंटात वाळूची वाट हवी, डोंगरात खडीची, बर्फात बर्फाची, गावात फरसबंदीची, अशा सूचना ते करत असतात. मागणी साधी आहे आणि खेळ सुंदर दिसावा म्हणून ती वाजवीही आहे. पण मला वाटते, उणीव वाटांच्या प्रकारांची नाही. जी एक वाट आहे, तीच मुळात वाट नाही. ती वाटेच्या रंगाचा ठोकळा आहे. रंग आणखी पाच वाढवले तरी ही उणीव भरून निघणार नाही.

खेळच तो, एवढे मनावर कशाला घ्यायचे, असे कुणी म्हणेल. कारण असे की आता हा नुसता खेळ राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी वसाहतींविषयीच्या संस्थेने २०१२ साली मोजांगबरोबर एक उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतील लोक, विशेषतः मुले, आपल्या भागातील मोकळ्या जागा कशा असाव्यात हे माइनक्राफ्टमध्ये रचून दाखवतात. नैरोबीतील किबेरा वस्तीपासून आरंभ झाला. मुंबईचे नावही या उपक्रमाच्या यादीत आहे. नकाशा वाचता न येणारी व्यक्तीही ठोकळे रचून आपले म्हणणे मांडू शकते, हा याचा मोठाच फायदा. पण ठोकळ्यांतून गल्ली उभी करणारे मूल गल्लीविषयी एक प्रतिरूप तयार करत असते. त्या प्रतिरूपात काय आले आणि काय गळले, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे.

९४ किलो माती गेली कुठे?

मातीची वाट शेजारच्या ठोकळ्यापेक्षा थोडी खोल असते. तिची उंची पूर्ण ठोकळ्याच्या १६ पैकी १५ भाग. म्हणजे फावड्याच्या एका फटक्याने जमीन एक मीटरच्या सोळाव्या भागाने, ६.२५ सेंटिमीटरने खाली जाते. हे चांगले निरीक्षण आहे. खरी पायवाटही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल असते.

आता हिशेब करू. एक चौरस मीटर क्षेत्रावर ६.२५ सेंटिमीटर म्हणजे ६२.५ लिटर माती. एक लिटर माती साधारण दीड किलो धरली, तर सुमारे ९४ किलो. ही माती कुठे गेली? खेळात ती बाजूला पडत नाही, खेळणाऱ्याच्या पिशवीतही येत नाही. उलट ती वाट फोडली तर हातात मातीचा अख्खा ठोकळा येतो! ९४ किलो माती आधी नाहीशी झाली आणि मग परत आली. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न जरूर टाकून पाहा.

एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, “सर, माती गेली नाही, दबली.” उत्तर चांगले आहे, तपासून पाहू. एक मीटर खोलीची माती १६ भागांतून १५ भागांत दाबली, तर घनता १.५ वरून १.६ होईल. मातीच्या कणांची स्वतःची घनता सुमारे २.६५ असते. त्यावरून आधी मातीत ४३ टक्के पोकळी होती आणि नंतर ४० टक्के राहिली, असे निघते. हे शक्य कोटीतले आहे. पण पायांचा दाब एक मीटर खोल पोचत नाही, त्याचा परिणाम मुख्यतः वरच्या थरात होतो. समजा तो थर २५ सेंटिमीटरचा. मग २५ चे १८.७५ सेंटिमीटर व्हायला घनता १.५ वरून २.० वर जावी लागेल. साधी बागेची माती नुसत्या चालण्याने इतकी घट्ट होत नाही. म्हणजे काही माती दबली आणि काही खरोखरच गेली. पायांनी सुटी झाली, वाऱ्याने उडाली, पावसाने वाहिली. खरी पायवाट खोल होते ती या दोन्ही कारणांनी. दबणे आणि झिजणे, दोन्ही हवे.

दादर: पायांना उत्तर देणारी माती

दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानावर हे दोन्ही एकत्र पाहायला मिळते. ज्या भागात सतत खेळणे-चालणे चालू असते, तेथील माती ओली असताना पायांखाली दबते. पोकळी कमी झाली की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत मरते. पावसाळा संपला की उघडी माती वाळते, पायांनी तिचा भुगा होतो आणि धूळ उडते. मैदानातील लाल मातीच्या धुळीची तक्रार तेथील रहिवासी अनेक वर्षे करत आले आहेत. पाणी शिंपडणे, गवत लावणे असे उपायही झाले. धुळीचा प्रश्न हा पाय, पाणी, गवत आणि माती यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे, हे येथे उघड दिसते.

माइनक्राफ्टच्या वाटेला पाय कळत नाहीत. एकजण चालला काय आणि हजार चालले काय, तिला फरक पडत नाही. गंमत म्हणजे याच खेळातल्या शेताला पाय कळतात! नांगरलेल्या ठोकळ्यावर उडी मारली तर तो तुडवला जाऊन पुन्हा साधी माती होतो. म्हणजे ‘तुडवणे’ ही कल्पना खेळ बनवणाऱ्यांना सुचली होती. ती शेताला लावली आणि जिथे खरी गरज होती त्या वाटेला लावली नाही. गवत शेजारच्या मातीवर हळूहळू पसरते, पण वाटेवर पसरत नाही. त्यामुळे न वापरलेली वाट बुजतही नाही.

गिरगाव: वाळूची वाट म्हणजे कोणती?

खेळात वाळूची वाट हवी, ही मागणी घेऊ. गिरगाव चौपाटीवर रस्त्याकडून पाण्याकडे चालत जा. पहिल्या कोरड्या पट्ट्यात पाय रुततात, कारण सुटे कण एकमेकांवरून घसरतात. पुढे ओलसर वाळूत चालणे एकदम सोपे होते. कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरांनी कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. वाळूचा किल्ला टिकतो तो याच कारणाने. आणखी पुढे, लाटेच्या पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूत हे धरून ठेवणे संपते आणि पाय पुन्हा रुततो. वाळू तीच, चालण्याचा अनुभव तीन प्रकारचा.

लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल ठेवले, तर पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. दाब दिल्यावर पाणी वर यायला हवे, मग वाळू कोरडी का झाली? ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचे उत्तर दिले. घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकायचे तर त्यांना आधी थोडे दूर व्हावे लागते. त्यामुळे कणांमधील जागा वाढते आणि वरचे पाणी त्या जागेत शोषले जाते. एका पावलात भौतिकशास्त्राचा एक धडा आहे.

माइनक्राफ्टमधील वाळूचा एक गुण खरा आहे. खालचा आधार काढला की ती कोसळते. पण तिच्यात पाय रुतत नाही, आणि कोरडी-ओली हा भेद तर नाहीच. तिच्यापासून वाटेचा नवा ठोकळा केला तर तो पिवळा असेल आणि एक-सोळांश खोल असेल. चौपाटीवरून एकदा चालून आलेल्या मुलाला त्यातून नवे काय कळणार?

लालबाग-परळ: ठोकळा नव्हे, सांधा

आता फरसबंदीची वाट. मुंबईकरांना ठोकळ्यांच्या वाटेसाठी संगणकाची गरज नाही. लालबाग-परळच्या पदपथांवर पेव्हर ब्लॉक म्हणजे काँक्रीटचे ठोकळे वर्षानुवर्षे पायांखाली आहेत. त्यांचे आकार आणि रंगही कितीतरी. अलीकडे महापालिकेने अनेक पदपथांवर त्यांच्याऐवजी सलग काँक्रीट घालायला सुरुवात केली. मग या ठोकळ्यांचे बिघडले कुठे?

पेव्हर ब्लॉकचा पदपथ नीट घातलेला असेल तर त्याचे थर असे असतात. खाली दाबून घट्ट केलेली खडी. तिच्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर. त्यावर सहा ते आठ सेंटिमीटर जाडीचे ठोकळे, त्यांच्यामध्ये दोन-चार मिलिमीटरच्या फटी आणि फटींत बारीक वाळू. कडेला पक्की किनार. यात सिमेंटचा सांधा कुठेच नाही. एका ठोकळ्यावर पाय पडला की फटीतील वाळूच्या घर्षणामुळे तो भार शेजारच्या ठोकळ्यांवर वाटला जातो. थोडक्यात, पदपथाची ताकद ठोकळ्यात जितकी, तितकीच दोन ठोकळ्यांमधल्या वाळूत आणि किनारीत असते.

आता पावसाळ्यातला सर्वांच्या परिचयाचा प्रसंग घ्या. एखाद्या ठोकळ्यावर पाय पडतो, तो डुगडुगतो आणि खालून गढूळ पाण्याची चिळकांडी उडून कपडे खराब होतात. येथे काय घडले? खालची वाळू निघून गेल्याने पोकळी झाली होती व तिच्यात पाणी साठले होते. पायाच्या दाबाने ठोकळा पंपाच्या दट्ट्यासारखा खाली गेला आणि पाणी फटीतून जोराने बाहेर आले. पाणी गढूळ होते, कारण येताना ते थोडी वाळू घेऊन आले. म्हणजे प्रत्येक चिळकांडीने पोकळी वाढते, पोकळी वाढल्याने ठोकळा अधिक हलतो आणि पुढची चिळकांडी मोठी होते. बिघाड स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. शेवटी ठोकळ्याची एक कड वर राहते आणि अंधारात एखाद्या आजींचा पाय तिला अडखळतो.

याची सुरुवात बहुधा खोदकामापासून होते. पाण्याची वाहिनी, विजेची केबल किंवा गणेशोत्सवातील मंडपाचा खांब यांसाठी ठोकळे काढले जातात आणि पुन्हा ‘बसवले’ जातात. मंडपासाठी घेतलेल्या खड्ड्यांबद्दल महापालिका मंडळांना दंड करते. २०२५ साली तो प्रत्येक खड्ड्यामागे १५,००० रुपये करण्यात आला आणि विरोध झाल्यावर पुन्हा २,००० वर आणला गेला. वाद पैशांचा होता. पण खड्डा बुजवताना खडी दाबली का, वाळू सपाट केली का, फटी भरल्या का, हे प्रश्न दंडाच्या रकमेने सुटत नाहीत. माइनक्राफ्टमध्ये मात्र मधला एक ठोकळा काढून परत ठेवला की सारे पूर्ववत होते. तेथे सांधा नाही, म्हणून जखमही नाही.

पाण्याचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची चालण्याजोगी रुंदी किमान १.८ मीटर हवी. असा १०० मीटर लांबीचा पदपथ घ्या आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. १८० चौरस मीटरवर ९,००० लिटर पाणी झाले, जवळपास एक मोठा टँकर! फटींतून त्यातले काही मुरेल. सलग काँक्रीट असेल तर जवळपास सगळे गटाराकडे जाईल. मुंबईतील जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. परळ-दादरच्या मधल्या हिंदमाता भागात पाणी का तुंबते आणि त्यासाठी जवळच्या मैदानांखाली साठवण टाक्या का बांधाव्या लागल्या, हे मुलांना येथून समजावता येते. अर्थात फटी ठेवल्याने हिंदमाता कोरडे होईल असे नाही. भाग सखल आहे आणि पावसाळ्यात खालची जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. पण पदपथ हाही पाण्याच्या हिशेबातला एक भागीदार आहे. माइनक्राफ्टमध्ये पाऊस पडतो, परंतु त्याच्या वाटेवर डबके साचत नाही आणि थेंबही मुरत नाही.

खेळाची बाजू

टीका करताना न्यायही करायला हवा. प्रत्येक प्रतिरूपात काहीतरी वगळावेच लागते. पृथ्वीगोलावर गावातला ओढा दिसत नाही म्हणून आपण तो फेकून देत नाही. प्रत्येक ठोकळ्याच्या फटीचा हिशेब ठेवायचा तर संगणक दमून जाईल, हेही खरे.

पण हा खेळ साधा रंगाचाच खेळ आहे असेही नाही. त्यात बर्फावर पाय घसरतो, एका प्रकारच्या वाळूवर चाल मंदावते. २०२१ च्या आवृत्तीत तांब्याचे ठोकळे आले. ते काळाबरोबर चार टप्प्यांत हिरवट होत जातात, अगदी खऱ्या तांब्यासारखे. २०२२ मध्ये चिखल आला. मातीवर पाणी ओतले की चिखल होतो आणि विशिष्ट रचना करून त्यातले पाणी खाली ठिबकू दिले की त्याची चिकणमाती होते. म्हणजे काळ आणि निचरा, या दोन्ही कल्पना खेळात आलेल्या आहेत. त्या वाटेपर्यंत पोचलेल्या नाहीत, एवढेच. म्हणून माझा आक्षेप ‘हे जमत नाही’ असा नसून ‘हे जमत असताना केले नाही’ असा आहे.

मग नवे काय घालावे?

पाच रंगांऐवजी तीन नियम घालावेत. पहिला, चालण्याची नोंद: ठराविक वेळा पाय पडला की गवताचे तुडवलेले गवत, मग उघडी माती, मग खोल वाट, असे तांब्यासारखे चार टप्पे. दुसरा, विसरणे: बराच काळ कुणी आले नाही तर हेच टप्पे उलट्या क्रमाने. तिसरा, पाणी आणि शेजार: पाऊस पडत असेल तर झीज जास्त, आणि फरसबंदीच्या ठोकळ्याचा एक शेजारी काढला तर उरलेले सैल. हे नियम घातले की वाळूची, खडीची, दगडाची वाट वेगळी दिसावी लागणार नाही. ती वेगळी वागेल.

हे शाळेतही करून पाहता येते. फिनलंडमधील पेर्टू अहोला यांनी २०१० साली ‘माइनटेस्ट’ नावाचे असेच एक मुक्त सॉफ्टवेअर सुरू केले. २०२४ पासून त्याचे नाव ‘लुआंटी’ आहे. ते विनामूल्य आहे आणि त्यात नवा ठोकळा घालायला लुआ या संगणकभाषेतील काही ओळी पुरतात. ‘इतक्या सेकंदांनी, इतक्या शक्यतेने, शेजारी अमुक असेल तर याचे ते कर’ असा नियमही लिहिता येतो. नववी-दहावीच्या मुलांना आधी तो नियम साध्या मराठीत लिहायला सांगा. नियम लिहिताना त्यांना प्रश्न पडतील. किती पावलांनी गवत मरते? किती दिवसांनी परत येते? आणि हे प्रश्न त्यांना संगणकाकडून शाळेच्या मैदानाकडे घेऊन जातील.

करून पाहा

१. एका ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर वाळू सपाट पसरा. त्यावर एकाच मापाचे लहान लाकडी ठोकळे थोड्या फटी ठेवून बसवा, कडेने पट्ट्या लावा आणि फटींत बारीक कोरडी वाळू ब्रशने सारा. मधला ठोकळा अंगठ्याने दाबा. मग फटींतली वाळू काढून पुन्हा दाबा. शेवटी एका बाजूची पट्टी काढून दाबा. तिन्ही वेळा काय फरक पडला, ते लिहा.

२. तळाला सारखी भोके पाडलेल्या तीन बाटल्या घ्या. एकीत वाळू, दुसरीत भुसभुशीत माती, तिसरीत तितकीच माती ठोकून घट्ट बसवलेली. प्रत्येकीत एक पेला पाणी ओता आणि ते खाली उतरायला लागणारा वेळ मोजा.

३. शाळेच्या आवारात पायवाट शोधा. तिची रुंदी आणि मधली खोली मोजा. एका तासात किती जण तिच्यावरून जातात ते मोजा. दिवाळीच्या सुटीआधी आणि सुटीनंतर पुन्हा मापे घ्या.

४. घरापासून शाळेपर्यंतच्या पदपथावर डुगडुगणारे ठोकळे मोजा आणि प्रत्येकाशेजारी झाकण, खांब किंवा खोदल्याची खूण आहे का, ते नोंदवा. वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की बिघाड कुठून सुरू होतो याविषयी मुले स्वतः अनुमान काढू शकतील. ती यादी विभागाच्या महापालिका कार्यालयाकडे पाठवायलाही हरकत नाही.

या मोजमापांनंतर मुलांना पुन्हा माइनक्राफ्ट खेळू द्या. खेळ तोच असेल. पण फावड्याने वाट काढताना एखादे मूल नक्की विचारील, की यावरून अजून कुणी चाललेच नाही, तर ही वाट कशी?